'सर्व्हर सांभाळते' म्हणजे नेमकं काय करते? : एका सहकाराचा इतिहास

आपल्या सोसायटीत निदान सात-आठ घरं अशी असतील, की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात नाहीतर बंगळुरूला 'सर्व्हर सांभाळते'. दिवाळीला घरी आली तरी लॅपटॉप उघडाच. रात्री दोनला फोन वाजतो, पोरगी उठून बसते, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टाईप करते आणि अर्ध्या तासानं पुन्हा झोपते. सकाळी आई विचारते, "काय झालं होतं गं?" उत्तर येतं, "काही नाही, सर्व्हर डाऊन होता." विषय तिथंच संपतो. पाहुण्यांनी विचारलं तर आपणही सांगून मोकळे होतो, "कॉम्प्युटरमध्ये आहे."

संपादक मंडळानं रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा याच विषयावर लिहायचं ठरवलं. कारण ही पोरं ज्या साधनांवर काम करतात, त्यांचा इतिहास बराचसा सहकाराचाच इतिहास आहे. आपण सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद. त्यामुळे तो आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजेल, असा माझा विश्वास आहे.

आधी पाणी आणि रस्ता

आपल्या नळाला पाणी येतं ते येळगाव धरणातून. धरण, शुद्धीकरण, गावातली टाकी, मोठी पाईपलाईन, चौकातला व्हॉल्व्ह, सोसायटीची टाकी आणि शेवटी आपला नळ. नळ सोडताना यातलं काही आपल्या डोक्यात नसतं. मोबाईलवर वीजबिल भरतानाही तसंच. तुमची मागणी जिथं जाते आणि जिथून उत्तर येतं, तो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. मधली सगळी पाईपलाईन म्हणजे नेटवर्क. कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, गळती कुठं आहे, टाकी भरली की नाही, हे रात्रंदिवस पाहणारा माणूस म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर.

एक फरक मात्र आहे. पाणी एकाच पाईपातून येतं, माहिती तशी येत नाही. तिचे छोटे छोटे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं निघतो. राजूर घाटात ट्रक आडवा झाला की आपण बोथ्याच्या रस्त्यानं खामगाव गाठतो आणि पुढं जातो, तसंच. वाटेतल्या प्रत्येक चौकात 'तुझं गाव तिकडं, तू इकडून जा' असं सांगणारं यंत्र म्हणजे राऊटर. शेवटी सगळे तुकडे क्रमानं जोडले जातात, हरवलेला तुकडा परत मागवला जातो. या पद्धतीला टीसीपी/आयपी म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं अर्पानेट हे जाळं या पद्धतीवर आलं. आजचं इंटरनेट तिच्यावरच चालतं.

एका कंपनीचं, पण विद्यापीठांनी वाढवलेलं

कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. १९६९ साली अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही व्यवस्था लिहायला घेतली. तिचं तत्त्व साधं होतं. एका कामाला एक छोटा प्रोग्रॅम, तो नीट करायचा आणि मोठं काम निघालं की असे छोटे प्रोग्रॅम एकापुढे एक जोडायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी कसे असतात? एक वरण, एक भात, एक जिलबी. एकच माणूस सगळं वाढायला लागला की घोटाळा!

बेल लॅब ही टेलिफोन कंपनी एटी अँड टीची. सरकारशी झालेल्या १९५६ च्या एका तडजोडीमुळे या कंपनीला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशात, तेही मूळ लिखाणासकट म्हणजे सोर्स कोडसकट मिळालं. विद्यार्थ्यांनी ते वाचलं, दुरुस्त केलं, वाढवलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठानं त्याची स्वतःची आवृत्ती काढली आणि १९८३ मध्ये तिच्यात टीसीपी/आयपी घातलं. युनिक्स आणि नेटवर्क यांचं लग्न लागलं ते तेव्हा. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी ही आजची मंडळी त्याच घराण्यातली.

जुहूचं दार

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी नावाची संस्था होती. डॉ. एस. रामाणी तिचे प्रमुख. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ भागीदार होते: ही संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

१९८७ मध्ये जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाईनवरून ई-मेल सुरू झाली. तिच्यासाठी वापरलेल्या पद्धतीचं नावच 'युनिक्स टू युनिक्स कॉपी'. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. गावात पोस्टाची थैली यायची आणि जायची, अगदी तसं. १९८९ च्या सुरुवातीला जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला कायमची लाईन जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज आपण सकाळी 'शुभ सकाळ'चं फुलाचं एक चित्र पाठवतो, त्याला त्या लाईनवर दोन-तीन मिनिटं तरी लागली असती. आणि ती एकच लाईन अनेक संस्था मिळून वापरत होत्या! त्याच वर्षी मे महिन्यात '.इन' हे देशाचं नाव इंटरनेटवर नोंदलं गेलं आणि पुढं बरीच वर्षं त्याची नोंदवही याच संस्थेनं सांभाळली.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. विद्यार्थ्यांसाठी त्यात एक स्वस्त प्रकार होता, 'शेल अकाउंट'. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. फोन लावून मुंबईतल्या युनिक्स मशीनवर जायचं आणि आज्ञा टाईप करायच्या. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कित्येकांनी युनिक्स शिकलं ते परीक्षेसाठी नव्हे, इंटरनेट स्वस्तात मिळावं म्हणून!

प्रिंटर, परवाना आणि पायरी

दरम्यान युनिक्सचं काय झालं? १९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, धंद्याची बंदी उठली आणि युनिक्स महाग झालं. सोर्स कोड कुलपात गेला.

ही कुलपं वाढणार हे रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच ओळखलं होतं. एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी 'कागद अडकलाय' असा निरोप सगळ्यांना जाण्याची सोय केली होती. नव्याचा सोर्स कोडच मिळाला नाही, त्यामुळे ती सोय करता येईना. यंत्र आपल्या खोलीत, पण उघडायला बंदी, हे त्यांना पटलं नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी, पण सर्वांना मुक्त अशी व्यवस्था उभी करायची. १९८९ मध्ये त्यासाठी जीपीएल नावाचा परवाना आला.

हा परवाना म्हणजे आपल्या संस्थेच्या उपविधींसारखाच समजा. वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच, की पुढं द्याल तेव्हा हेच हक्क त्यालाही द्या. आपला फ्लॅट आपला. पण जिना सगळ्यांचा. जिन्यावर कुणी एक पायरी सुधारली म्हणून तिथं दरवाजा लावून कुलूप घालता येत नाही.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं, आपण छंद म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्यानं ती जीपीएलखाली आणली. ग्नूची साधनं तयार होती, मधला गाभा नव्हता; तो लिनक्सनं दिला. चूल, भांडी, शिधा सगळं मांडून ठेवलं होतं, विस्तव तेवढा यायचा होता!

परवान्यातली अट कागदावरच राहिली नाही. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या घरगुती राऊटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. 'अटीप्रमाणे सोर्स कोड द्या' अशी मागणी झाली आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच पुढं ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त व्यवस्था उभी राहिली. आज दुकानात मिळणाऱ्या कितीतरी राऊटरांचं मूळ तिथं आहे.

मासिकाबरोबर आलेली सीडी

लिनक्स फुकट होतं खरं, पण भारतात आणायचं कसं? डायल-अप लाईनवर ते उतरवायला दिवसच्या दिवस गेले असते आणि फोनचं बिल पाहून वडिलांनी घराबाहेर काढलं असतं. इथं एका बेळगावकराचं नाव घ्यायला हवं. अतुल चिटणीस यांचा जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग मात्र बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये. पुढं बंगळुरूला राहून ते 'पीसीक्वेस्ट' मासिकात लिहीत. १९९६ पासून या मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी वाटायला सुरुवात केली. त्या उपक्रमात चिटणीसांचा मोठा वाटा होता. मासिकाच्या किमतीत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम! एक सीडी हॉस्टेलच्या दहा खोल्यांत फिरायची आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. २००१ पासून त्यांनी बंगळुरूला दरवर्षी लिनक्सची परिषद भरवली, ती पुढं 'फॉस डॉट इन' नावानं ओळखली गेली. ३ जून २०१३ रोजी ते गेले. पुणे आणि मुंबईतही लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले. कुणी फी न घेता सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या मशीनवर लिनक्स बसवून देत.

इकडे आपल्या जिल्ह्यात

विदर्भाला हे जग परकं नव्हतं. 'परम' महासंगणकाचे डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. जगातले पहिले ५०० महासंगणक कोणते याची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

आपल्या जिल्ह्यात शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं. म्हणजे स्टॉलमननी ग्नू जाहीर केला त्याच वर्षी. या आणि नंतर निघालेल्या कॉलेजांमुळे शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटी कंडक्टरच्या घरातली मुलं या क्षेत्रात गेली. जिल्हाधिकारी कार्यालयांना उपग्रहानं जोडणारं निकनेट तर १९८० च्या दशकातच आलं होतं.

आपली सोसायटी उभी राहिली त्या सुमाराची परिस्थिती आठवा. बाजारात सायबर कॅफे, तासावर पैसे. एकच टेलिफोन लाईन आणि तिच्यावर पाच-सहा कॉम्प्युटर. जुन्या, टाकाऊ मशीनवर लिनक्स टाकलं की ते मशीन दारात बसून सगळ्यांच्या मागण्या एका लाईनवरून पाठवायचं आणि ज्याचं उत्तर त्याला द्यायचं. एकदा आणलेलं पान जवळ ठेवून पुढच्याला तिथूनच देण्याचं काम 'स्क्विड' नावाचा मुक्त प्रोग्रॅम करायचा. पुढं २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, आपल्याकडं मात्र लोडशेडिंगचे दिवस. लाईट गेली, यूपीएस ओरडला, मशीन धडाधड बंद. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आपापली कामं आपणच उचलून धरेल, अशी व्यवस्था लावणं हे तेव्हा खरं कौशल्य होतं.

आता घरात पाहा. अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्स. वाय-फायच्या डब्यात, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये बहुतेक वेळा लिनक्सच. एलआयसीसारख्या संस्थेनं आपल्या शाखांच्या सर्व्हरसाठी लिनक्स घेतलं. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. "कायचं लिनक्स, आपल्याले काय कराचं?" असं म्हणणाऱ्याच्या खिशातही ते आहेच!

मराठीचंही या वाटेवर काम झालं. सन २००० च्या सुमारास 'इंडलिनक्स' या प्रकल्पानं भारतीय भाषांचं काम हाती घेतलं. स्वयंसेवकांनी पडद्यावरच्या हजारो शब्दांचं मराठीकरण केलं. 'लोहित' नावाचे मुक्त देवनागरी फाँट आले. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात, तेही मोफत.

कुलूप कोण तपासतं?

पूर्वी दूरच्या सर्व्हरवर जायला 'टेलनेट' वापरत. त्यात पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात अशीच पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' लिहिलं, म्हणजे बंद लिफाफा. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती दिली. आज जगभरचे ॲडमिनिस्ट्रेटर याच दारानं सर्व्हरवर जातात. आपली पोरगी रात्री दोनला जाते तीही याच दारानं.

आणि इथंच या सहकाराची दुखरी जागा आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये 'हार्टब्लीड' नावाची मोठी खिंडार सापडली. जगातले बँकव्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या प्रोग्रॅमसाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता! वापरणारे कोट्यवधी, सांभाळणारा एक.

मार्च २०२४ मधली गोष्ट तर याहून बोलकी. फाईली दाबून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम, वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, तसं त्यानं लिहिलंही होतं. मदतीला एक अनोळखी आला. दोन वर्षांहून जास्त काळ त्यानं चांगलं काम केलं, विश्वास कमावला, हातात किल्ल्या आल्या. मग त्यानं प्रोग्रॅममध्ये एक चोरदरवाजा बसवला, जो थेट एसएसएचच्या दारापर्यंत पोचत होता. तो जगभर पसरण्याआधी आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की सर्व्हरवर आत जायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी म्हणाला असता, "अर्ध्या सेकंदानं काय होतं?" यांनी कारण शोधलं. सोर्स कोड खुला होता म्हणून शोधता आलं, आणि २९ मार्चला त्यांनी जगाला सावध केलं.

या एका घटनेत मुक्त सॉफ्टवेअरचं बळ आणि दुबळेपण दोन्ही आहे. दार सगळ्यांना उघडं म्हणून चोर आत आला, आणि दार सगळ्यांना उघडं म्हणूनच सापडला. दोष मात्र दाराचा नव्हता. थकलेल्या एका माणसावर सगळं सोपवून बाकीचे निवांत होते, हा खरा दोष.

आपल्यापुरतं

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला आपल्याच वार्षिक सभेची आठवण झाली असेल. पाण्याची टाकी सगळ्यांची. पण मोटर बंद पडली की फोन एकालाच. हिशेबाची वही सगळ्यांची. पण लिहिणारा एकच. पंचवीस वर्षं सोसायटी चालली ती अशा चार-दोन माणसांमुळे, आणि त्यांचे आभार आपण बहुधा ते पद सोडतात त्या दिवशी मानतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ठेचा खाऊन तीन नियम बनवले आहेत. ते आपल्या रौप्यमहोत्सवी वर्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, कोणतीही किल्ली एकट्याजवळ नको. सीसीटीव्हीचा पासवर्ड असो की बँकेचे कागद, निदान दोघांना माहीत हवं. दुसरा, केलेलं काम लिहून ठेवा: कोणता व्हॉल्व्ह कोणत्या विंगचा, वायरिंग कुठून गेलं, प्लंबरला कधी बोलावलं. तिसरा, नक्कल ठेवा आणि ती उघडून पाहा. सभासद नोंदवहीची झेरॉक्स कपाटात आहे म्हणून भागत नाही, ती वाचता येते का हे वर्षातून एकदा पाहिलं पाहिजे. न तपासलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच, असं ही मंडळी म्हणतात.

आणि एक विनंती घरोघरच्या आई-वडिलांना. या दिवाळीला पोरगं रात्री उठून बसलं तर सकाळी एक प्रश्न जास्त विचारा. "सर्व्हर डाऊन होता" म्हणाला, की विचारा, "कशानं झाला? मग तू काय केलंस?" तो आधी टाळेल, मग सांगायला लागेल. सगळं समजलं नाही तरी चालेल. व्यवस्थित चाललेलं काम कुणाला दिसत नाही, बिघडलं तेवढं दिसतं, ही त्याच्या नोकरीची रीत आहे. घरात तरी ते दिसावं.

आपल्या सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय आपल्यापैकीच कुणाच्या तरी मुलीनं लिहावा आणि तिला 'सर्व्हर म्हणजे काय' हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, ही सदिच्छा.